‘गेट’ या क्रियापदाची चाल

‘आय गॉट अ लेटर.’ ‘आय गॉट होम.’ ‘आय गॉट अँग्री.’ ‘आय गॉट हर टू साइन.’ ‘आय गॉट टू मीट हिम.’ ‘आय गॉट इट.’ सहाही वाक्यांत क्रियापद एकच. मराठीत मात्र पत्र मिळतं, आपण घरी पोचतो, राग येतो, तिला सही करायला राजी करतो, त्याला भेटायला मिळतं आणि शेवटच्या वाक्याचा अर्थ नुसता ‘कळलं’ एवढाच होतो. इंग्रजी-मराठी कोशात ‘गेट’ काढलं की मिळणे, मिळवणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे अशी रांग समोर येते. वाचणारा ती एकदा-दोनदा वाचतो, कोश मिटतो आणि बोलताना ‘गेट’ टाळून कधी ‘रिसीव्ह’, कधी ‘रीच’, कधी ‘बिकम’ वापरून वेळ निभावून नेतो. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात चूक नसते, पण गप्पांमध्ये ती भाषा अर्जासारखी वाटते. समोरचा माणूस भराभर बोलणारा असेल, तर वाक्यावाक्याला येणारं हे क्रियापद कानावरून निसटून जातं आणि त्याबरोबर वाक्याचा अर्थही जातो.

ही रांग पाठ करण्यात अर्थ नाही, असं मला ठामपणे वाटतं. दोनच गोष्टींकडे लक्ष द्यायचं. एक म्हणजे ‘गेट’च्या मुळाशी असलेली बदलाची कल्पना. दुसरी म्हणजे ‘गेट’च्या लगेच पुढे काय येऊन बसलं आहे ते.

मराठी माणसाला हे अवघड जाण्याचं कारण नाही, कारण आपण जन्मापासून ‘लागणे’ वापरत आलो आहोत. भूक लागते, ठेच लागते, घाटात गाडी लागते, निकाल लागतो, दिवे लागतात, लग्न लागतं, वेळ लागतो, पैसे लागतात. यांतला एकही अर्थ आपण कोशातून शिकलेलो नाही. ‘तो जाऊ लागला’ आणि ‘त्याला जावं लागलं’ या दोन वाक्यांत ‘लागणे’ तेच आहे. त्याच्या मागच्या क्रियापदाचं रूप तेवढं बदललं, कर्त्याचा प्रत्यय बदलला, आणि एका ठिकाणी सुरुवात झाली, दुसऱ्या ठिकाणी नाइलाज. चार वर्षांचं मूल यात चुकत नाही. ते शेजारच्या शब्दांवरून अर्थ ओळखतं. ‘गेट’ असंच ओळखायचं, फक्त मराठीत शेजारी आधी येतो आणि इंग्रजीत नंतर.

मुळाकडे थोडं पाहू. ‘गेट’ इंग्रजीत आलं ते उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून. हे लोक नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वस्ती करून राहिले, आणि त्यांचं ‘गेटा’ हे क्रियापद 1200च्या आसपास इंग्रजी लिखाणात दिसू लागलं. अर्थ होता मिळवणं, हाती लागणं. त्याचं सख्खं भावंड जुन्या इंग्रजीत आधीपासून होतं, ते आज ‘फरगेट’मध्ये उरलं आहे. हाती आलेलं सुटणं म्हणजे विसरणं. हातात नसलेली वस्तू हातात येणं, एवढ्या मूळ अर्थापासून पुढचा सगळा पसारा वाढला. वस्तू हाती येते तसं माणूस एखाद्या ठिकाणी येतो, एखाद्या अवस्थेत येतो, एखादी गोष्ट त्याच्या ध्यानात येते.

म्हणून ‘गेट’ समजून घ्यायचं तर त्याला ‘बी’ आणि ‘हॅव’ यांच्या शेजारी उभं करावं. ‘हॅव अ जॉब’ म्हणजे नोकरी असणं, ‘गेट अ जॉब’ म्हणजे ती लागणं. ‘बी अ‍ॅट होम’ म्हणजे घरी असणं, ‘गेट होम’ म्हणजे घरी पोचणं. ‘बी अँग्री’ म्हणजे रागात असणं, ‘गेट अँग्री’ म्हणजे राग येणं. ‘नो समवन’ म्हणजे ओळख असणं, ‘गेट टू नो समवन’ म्हणजे ओळख होत जाणं. पहिलं नेहमी स्थिती सांगतं, दुसरं त्या स्थितीत प्रवेश. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे ती विवाहित आहे. ‘शी गॉट मॅरिड इन मे’ म्हणजे तिचं मे महिन्यात लग्न झालं. या वाक्यात नवऱ्याचा उल्लेख करायचा असेल तर आधी ‘टू’ येतं. मराठीतल्या ‘च्याशी’वरून आपण ‘विथ’ म्हणतो, ते टाळावं.

आता पुढच्या शब्दाकडे वळू. ‘गेट’च्या पुढे नाम आलं तर अर्थ मिळण्या-मिळवण्याचा, विकत घेण्याचा किंवा आणण्याचा. ‘आय गॉट अ गिफ्ट’मध्ये भेट मिळाली, ‘आय गॉट सम मिल्क ऑन द वे’मध्ये येताना दूध घेतलं, ‘गेट मी अ चेअर’मध्ये खुर्ची आणून दे. यांतला फरक प्रसंगावरून कळतो, त्यावर वेळ घालवायला नको.

पुढे विशेषण आलं तर अर्थ ‘होणं’. इथे जरा थांबायला हवं, कारण मराठी वाक्याची घडण वेगळी आहे. मराठीत भावना कर्ता असते आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो: मला राग आला, मला कंटाळा आला, मला भूक लागली. इंग्रजीत माणूस कर्त्याच्या जागी येतो आणि ‘गेट’ त्याला त्या अवस्थेत नेऊन ठेवतं: ‘आय गॉट अँग्री’, ‘आय गॉट बोअर्ड’, ‘आय गॉट हंग्री’. म्हणजे ‘मला’ डोक्यात आलं, की आधी त्याचा ‘मी’ करायचा. बदल चालू असेल तर ‘गेटिंग’: ‘इट्स गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडतोय, ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे उशीर होतोय. आजाऱ्याबद्दल ‘ही इज गेटिंग बेटर’ म्हटलं तर तो बरा होत चालला आहे. नुसतं ‘ही इज बेटर’ म्हटलं तर आधीपेक्षा बरा आहे एवढंच कळतं, पुढे काय ते कळत नाही.

या रचनेला दोन हद्दी आहेत. ‘गेट’ नामाबरोबर ‘होणं’ दाखवत नाही. ‘तो डॉक्टर झाला’ हे ‘ही बिकेम अ डॉक्टर’ असंच सांगावं लागतं. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हटलं तर त्यानं धावपळ करून डॉक्टर आणला, असा अर्थ होईल. दुसरं म्हणजे काही बदलांसाठी इंग्रजी दुसरी क्रियापदं पसंत करते. दूध नासलं तर ‘द मिल्क वेंट बॅड’, दृष्टी गेली तर ‘ही वेंट ब्लाइंड’, पानं पिवळी पडली तर ‘द लीव्ह्‌ज टर्न्ड यलो’. बिघाडाच्या अनेक बदलांना ‘गो’ आणि रंगाच्या बदलांना ‘टर्न’, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ काम भागतं.

‘गेट’पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर काहीतरी घडून गेलेलं असतं, आणि बहुधा ते कर्त्यानं स्वतः ठरवलेलं नसतं. ‘आय गॉट स्टक इन ट्रॅफिक’ म्हणजे वाहतुकीत अडकलो. ‘वुई गॉट लॉस्ट’ म्हणजे वाट चुकलो. ‘माय फोन गॉट स्टोलन’ म्हणजे फोन चोरीला गेला. मराठीत हेच काम ‘जाणे’ करतं: चोरीला गेला, पकडला गेला, मारला गेला. ‘बी’ वापरून केलेलं कर्मणी वाक्य दुहेरी असू शकतं. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हणजे काच फुटलेली होती की कोणी फोडली, हे त्या वाक्यावरून ठरत नाही. ‘द विंडो गॉट ब्रोकन’मध्ये ती फुटण्याची घटनाच सांगितलेली असते.

आता जी रचना आपल्याला सगळ्यात जास्त अडचणीत आणते ती. मराठीत आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘मी काल केस कापले’, ‘मी दाढ काढली’, ‘मी गाडी दुरुस्त केली’. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की केस न्हाव्यानं कापले, दाढ दातांच्या डॉक्टरनं काढली आणि गाडी गॅरेजमध्ये दुरुस्त झाली. मराठी वाक्य खर्च आणि खटाटोप ज्याचा त्याला कर्ता करून मोकळं होतं. तेच शब्दशः इंग्रजीत नेलं की ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हातानं कापले, आणि ‘आय पुल्ड आउट माय टूथ’ म्हणजे स्वतः दाढ उपटली. काम दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप: ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट माय टूथ पुल्ड आउट’, ‘आय गॉट द कार रिपेअर्ड’.

या रचनेत शब्दांचा क्रम सर्वकाही आहे. वस्तू मध्येच बसली पाहिजे. ‘आय गॉट द कार रिपेअर्ड’मध्ये गाडी दुरुस्त करवून घेतली. ‘गेट’ऐवजी ‘हॅव’ घेऊन ‘आय हॅड द कार रिपेअर्ड’ म्हटलं तरी अर्थ तोच. पण त्यात ‘कार’ शेवटी गेली आणि ‘आय हॅड रिपेअर्ड द कार’ झालं, की दुरुस्ती स्वतः केली आणि तीही त्याआधी कधीतरी. मराठीत ‘करून घेणे’, ‘करवून घेणे’, ‘कापून घेणे’ ही रूपं हाताशी आहेत आणि त्यांचा इथे मोठा आधार होतो. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मनातल्या ‘कापले’चं ‘कापून घेतले’ करायचं, ‘शिवला’चं ‘शिवून घेतला’ करायचं. ‘घेतले’ आलं की ‘गेट’ आलं. एरवी शब्दशः भाषांतर धोक्याचं असतं, पण या एका ठिकाणी मराठीतली मधली पायरी फार उपयोगाची आहे. ‘शिंप्याकडे ब्लाउज शिवला’पासून थेट इंग्रजीत उडी मारली तर ‘आय स्टिच्ड’ तोंडात येतं. ‘शिवून घेतला’वरून निघालं तर ‘आय गॉट माय ब्लाउज स्टिच्ड’ आपोआप जुळतं.

हीच रचना दोन वेगळ्या कामांनाही लागते. स्वतःचं काम उरकलं तरी ‘आय गॉट द वर्क डन’ म्हणतात, आणि नको ते घडलं तरी. ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे दारात बोट सापडलं. ते कोणी हौसेनं सापडवून घेत नाही.

काम कोणाकडून करून घेतलं ते सांगायचं असेल तर ‘गेट’नंतर माणूस आणि मग ‘टू’सकट क्रियापद: ‘आय गॉट द इलेक्ट्रिशियन टू चेक द वायरिंग.’ इथे ‘गेट’, ‘हॅव’ आणि ‘मेक’ यांची छटा वेगवेगळी आहे. ‘शी मेड द चाइल्ड टेक द मेडिसिन’मध्ये आईनं मुलाला औषध घ्यायला लावलं, त्याची इच्छा असो वा नसो. ‘शी गॉट द चाइल्ड टू टेक द मेडिसिन’मध्ये तिनं समजावलं, गोडीगुलाबी केली, कदाचित गोळीबरोबर गूळ दिला, आणि शेवटी मूल तयार झालं. ‘गेट’मध्ये हा प्रयत्न आणि समोरच्याचं राजी होणं दोन्ही आहेत. ‘हॅव’मध्ये नुसतं काम सोपवणं असतं, म्हणून कार्यालयात साहेब ‘आय विल हॅव माय असिस्टंट कॉल यू’ म्हणतात. ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्यानंतर ‘टू’ येत नाही, ‘गेट’नंतर यावंच लागतं.

‘टू’ थेट ‘गेट’च्या पुढे आलं आणि त्याच्यामागून क्रियापद आलं तर अर्थ संधीचा. ‘आय गॉट टू मीट द ऑथर’ म्हणजे लेखकाला भेटायला मिळालं. मराठीत अगदी हीच रचना आहे: भेटायला मिळालं, पाहायला मिळालं, खेळायला मिळालं. दोन लांबच्या भाषा एकाच वळणानं जातात असं ठिकाण सापडलं की मला मनापासून आनंद होतो, आणि विद्यार्थ्यांना ते आवर्जून दाखवावं असं वाटतं. मात्र बोलण्यात ‘आय गॉट टू गो’, किंवा घाईत ‘गॉटा गो’, असं ऐकू येतं तेव्हा ते ‘आय हॅव गॉट टू गो’चं आखूड रूप असतं, आणि त्याचा अर्थ ‘मला जायला हवं’. भूतकाळातली गोष्ट चालू असेल तर ‘जायला मिळालं’, निरोप घेताना म्हटलं असेल तर ‘निघायला हवं’.

‘हॅव गॉट’चं कोडंही इथेच सोडवून टाकू. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ म्हणजे मला दोन भाऊ आहेत. मिळवणं तर यात कुठेच नाही. झालं असं की ‘मी मिळवलं आहे’ याचा परिणाम ‘माझ्याकडे आहे’ हाच असतो, आणि वापरता वापरता परिणाम उरला, मिळवणं मागे पडलं. ब्रिटिश बोलण्यात हे रूप फार आहे. अमेरिकेत दोन रूपं वेगळी ठेवतात: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली आहे. आपल्याकडे ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ सर्रास म्हणतात. त्याऐवजी ‘आय हॅव’ किंवा ‘आय हॅव गॉट’ यांपैकी काहीही बरोबर.

ठिकाण सांगताना ‘गेट टू’: ‘वुई गॉट टू पुणे अ‍ॅट नाइन.’ पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी ‘टू’ नाही. ‘रीच’ वापरलं तर ‘टू’ कधीच नको. ‘आय रीच्ड टू ऑफिस’ ही मराठी भाषकांची नेहमीची चूक आहे. वाहनांबाबत नियम सोपा आहे. ज्यात उभं राहता येतं किंवा ज्याच्यावर बसतो, त्या बस, आगगाडी, विमान, सायकलला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. मोटार आणि टॅक्सीत वाकून शिरावं लागतं, म्हणून ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. भारतात बसमधून उतरायला ‘गेट डाउन’ म्हणतात आणि ते इथे सगळ्यांना कळतं. लंडनच्या बसमध्ये मात्र ‘गेट ऑफ’ म्हणावं. तिथे ‘गेट डाउन’ शिडीवरून किंवा घोड्यावरून उतरण्यासाठी वापरतात, आणि ओरडून म्हटलं तर ‘खाली वाका’ असा अर्थ होतो.

‘गेट ओव्हर’, ‘गेट थ्रू’, ‘गेट बाय’, ‘गेट अलाँग’ अशा जोड्या शेकड्यानं आहेत. त्यांतही हालचाल शोधावी. दुःखाच्या पलीकडे पोचणं म्हणजे त्यातून सावरणं, परीक्षेतून पार होणं म्हणजे पास होणं, कमाईवर कसंबसं पुढे सरकणं म्हणजे भागणं, एकमेकांच्या सोबतीनं पुढे जाणं म्हणजे पटणं. ‘गेट अवे विथ इट’मध्ये माणूस केलेल्या गोष्टीसकट निसटतो, म्हणजे शिक्षेवाचून सुटतो.

लिहिताना थोडा विवेक हवा. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार, न्याय आणि सरकारी कारभार यांत फ्रेंच शब्द शिरले. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’ हे तिकडूनच आले आणि त्यांचा रुबाब आजही टिकून आहे. म्हणून अर्जात ‘आय रिसीव्ह्ड युअर लेटर’ शोभतं आणि मैत्रिणीला ‘आय गॉट युअर मेसेज’. ‘गेट’ वापरलं की मार्क कापणारे शिक्षक निबंधापुरते बरोबर असतील. पण त्यामुळे मुलं बोलतानाही ‘गेट’ला घाबरू लागतात, आणि ते नुकसान मोठं आहे.

उच्चाराबद्दलही थोडं सांगायला हवं. देवनागरीत हे क्रियापद आणि वाड्याचं गेट सारखंच दिसतं, पण क्रियापदातला ए आखूड आहे, झटकन संपतो. फाटकाच्या गेटमधला ए लांबतो आणि ‘इ’कडे झुकतो. अमेरिकी तोंडी ‘गेट इट’ हे ‘गेडिट’सारखं ऐकू येतं, त्यामुळे चित्रपटात ते ओळखू येत नाही.

कोश निवडताना परभाषकांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा. ही परंपरा ज्यांनी घडवली त्यांतले ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या भाषेचा विद्यार्थी अर्थापेक्षा रचनेत जास्त अडतो हे त्यांनी वर्गात पाहिलं, आणि प्रत्येक क्रियापदाच्या पुढे काय येऊ शकतं हे सांगणारा कोश सहकाऱ्यांसह तयार केला. तो 1942 साली टोकियोत छापला गेला आणि 1948 साली ऑक्सफर्डनं काढला. आजचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्याच वंशातला. 1987 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या कोबिल्ड कोशानं आणखी एक पाऊल टाकलं: अर्थ सुटा न देता तो शब्द पूर्ण वाक्यात बसवूनच समजावला. ‘गेट’साठी मला हाच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो. अशा कोशात ‘गेट’ काढल्यावर अर्थाच्या आधी प्रत्येक अर्थाशी दिलेली रचना पाहावी, आणि तिच्यात स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य बसवून वहीत लिहावं. पुस्तकातला जॉन कुठे पोचला यापेक्षा आपण आज कुठे पोचलो ते लक्षात राहतं.

सरावासाठी एक उतारा घेऊ. ‘आय गॉट अप लेट, गॉट स्टक इन ट्रॅफिक अँड गॉट टू द स्टेशन अ‍ॅट नाइन. आय कुडन्ट गेट अ सीट. इट वॉज गेटिंग हॉट. आय गॉट अ मॅन टू ओपन द विंडो, अँड दॅट इज हाउ वुई गॉट टॉकिंग.’ उशिरा उठलो, वाहतुकीत अडकलो, नऊला स्टेशनवर पोचलो, बसायला जागा मिळाली नाही, उकडू लागलं, एकाला विनवून खिडकी उघडायला लावली. शेवटच्या ‘गॉट’पुढे ‘-इंग’ रूप आहे, आणि ते वर आलेलं नाही. पण स्थितीत प्रवेश करणं हा धागा धरला तर तेही सुटतं: त्यावरून आमचं बोलणं सुरू झालं.